मेंदूप्रतिमा आणि फलाची अपेक्षा : एका प्रयोगपरंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

प्राणी काय खातो आणि किती खातो, हे मोजता येते. परंतु खावयास मिळणार या आशेने तो थांबलेला असतो तेव्हा त्याच्या ठायी नेमके काय चाललेले असते, हे बाहेरून मोजता येत नाही. अपेक्षा ही कृती नव्हे, ती कृतीपूर्वीची अवस्था होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वर्तनवादाने हा पेच सोडविला नाही, तो टाळला. टोलमनसारखा अपवाद वगळता चेतक आणि प्रतिक्रिया यांच्या दरम्यानचा काळ वर्तनवाद्यांच्या लेखी जवळजवळ रिकामाच होता. कार्यात्मक चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (यापुढे एफएमआरआय) या तंत्राचे मानसशास्त्रातील महत्त्व मुख्यतः येथे आहे. जागृत, निरोगी माणसाच्या बाबतीत हा रिकामा काळच निरीक्षणाचा विषय होऊ शकतो, हे या तंत्राने दाखवून दिले.

गेल्या पंचवीस वर्षांत या संशोधनाची मराठीतही पुष्कळ चर्चा झाली. वृत्तपत्रीय पुरवण्यांत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत आणि अलीकडे अध्यापकांच्या उजळणी वर्गांतही 'डोपामिन' आणि 'मेंदूतील पारितोषिक केंद्र' हे शब्द सर्रास ऐकू येतात. विद्यार्थ्याला लहान लहान बक्षिसे द्या, म्हणजे त्याचा मेंदू 'उजळतो', असे सांगितले जाते आणि सोबत रंगीत मेंदूचे चित्र दाखविले जाते. प्रस्तुत लेखात या चित्रामागील मूळ प्रयोगपरंपरेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आमचे प्रतिपादन मर्यादित आहे. फलाच्या अपेक्षेसंबंधीचा हा शोध 'माणूस' या सामान्यनामाविषयी बराच भक्कम आहे. 'हा माणूस' किंवा 'ही विद्यार्थिनी' यांच्याविषयी तो अतिशय दुबळा आहे. व्यवहारात मात्र त्याचा उपयोग बहुधा दुसऱ्याच अर्थाने केला जातो.

प्रयोगाची घडण

या परंपरेची पूर्वपीठिका प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युदग्र बसविले. कळ दाबली की मेंदूच्या त्या भागास क्षीण विद्युतप्रवाह मिळे. उंदीर ती कळ पुनःपुन्हा, तासाला शेकडो वेळा दाबू लागले. 'सुखकेंद्र' हा शब्द तेथून प्रचारात आला आणि नंतरच्या संशोधनाने तो बराचसा खोडून काढला तरी तो गेलेला नाही.

दुसरा टप्पा वोल्फ्राम शुल्ट्स यांच्या माकडांवरील प्रयोगांचा होय. स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे त्यांनी मध्यमस्तिष्कातील डोपामिन स्रवणाऱ्या एकेका चेतापेशीची नोंद घेतली. माकडास फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोराने स्फुरत. पुढे रसाआधी ठरावीक वेळाने दिवा लागू लागला, तेव्हा काही काळाने पेशींचे स्फुरण रसाच्या क्षणावरून दिव्याच्या क्षणावर सरकले. रस आला तरी त्या शांत राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे स्फुरण नेहमीपेक्षाही खाली जाई. १९९७ मध्ये शुल्ट्स, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ लावला. या पेशी सुख मोजत नाहीत, त्या अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील तफावत मोजतात, असे त्यांचे म्हणणे होते. या विषयातील विचाराची ही सर्वांत मोठी झेप आहे असे आम्हांस वाटते. मेंदूप्रतिमांकन त्यानंतर आले आणि त्याने ही कल्पना बव्हंशी उसनी घेतली.

मानवाच्या मेंदूत असे विद्युदग्र बसविता येत नाहीत. शस्त्रक्रियेचे काही रुग्ण हा अपवाद. एफएमआरआय हा आडमार्ग आहे. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखविले की प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे रक्तातील प्राणवायूची पातळी चुंबकीय प्रतिमेत उमटते. चेतापेशी कार्यरत झाल्या की त्या भागाकडे गरजेपेक्षा अधिक प्राणवायुयुक्त रक्त धावते आणि संकेत किंचित वाढतो. ही वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असते आणि तिचा कळस पेशींच्या कार्यानंतर सुमारे पाच-सहा सेकंदांनी येतो. प्रतिमेतील एका लहानशा घनात लाखो पेशी सामावलेल्या असतात. तेव्हा मेंदूत काहीही 'उजळत' नाही. चित्रातील पिवळा-तांबडा रंग हा प्रकाश नसून संख्याशास्त्रीय कसोटीचा निकाल आहे. दोन परिस्थितींतील संकेतांची वजाबाकी केली असता उरलेला फरक केवळ योगायोगाने येणे किती असंभवनीय आहे, एवढेच तो रंग सांगतो. कोणत्या दोन परिस्थितींची वजाबाकी केली, हे सांगितल्याशिवाय असे चित्र निरर्थक होय. वृत्तपत्रांतून नेमके तेच गाळले जाते.

आता मुख्य प्रयोग पाहू. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ब्रायन नुटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००१ या काळात 'मॉनेटरी इन्सेंटिव्ह डिले' हा खेळ रचला. त्यास मराठीत 'विलंबित धनप्रलोभनाची कसोटी' म्हणता येईल. यंत्रात आडव्या पडलेल्या व्यक्तीस पडद्यावर प्रथम एक आकृती दिसते. वर्तुळ म्हणजे पैसे मिळण्याची संधी, चौकोन म्हणजे पैसे गमावण्याचा धोका. आकृतीतील रेषांवरून रक्कम कळते. नंतर दोन-अडीच सेकंद काहीच घडत नाही. मग एक लक्ष्य क्षणभर, म्हणजे साधारणतः पाव सेकंदापेक्षाही कमी काळ, चमकून जाते. तेवढ्यात बटण दाबले तर पैसे मिळतात किंवा वाचतात. लक्ष्याचा कालावधी असा जुळविलेला असतो की प्रत्येकास तीनपैकी साधारण दोन वेळा यश यावे. संशोधकांना रस आहे तो मधल्या दोन-अडीच सेकंदांत.

२००१ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात रकमा २० सेंट, १ डॉलर आणि ५ डॉलर अशा होत्या. मिळू शकणारी रक्कम जसजशी वाढली तसतशी न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या मेंदूच्या खोल भागातील लहानशा केंद्रकाची सक्रियता वाढली. गमावण्याच्या धोक्याने ती तशी वाढली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात प्रत्यक्ष रक्कम मिळण्याच्या क्षणी मुख्यतः ललाटखंडाचा मध्यवर्ती भाग सक्रिय झाल्याचे दिसले. म्हणजे वाट पाहणे आणि मिळणे या दोन घटना मेंदूत एकाच जागी, एकाच रीतीने घडत नाहीत. पहिल्या निबंधात किती व्यक्ती होत्या? आठ. हे वाचून आजचा संख्याशास्त्रज्ञ भुवया उंचावील आणि ते योग्यच होईल. परंतु येथे न्यायबुद्धी ठेवावयास हवी. मेंदूप्रतिमांकनातील अनेक गाजलेले निष्कर्ष पुनरावृत्तीच्या कसोटीवर कोसळले. हा निष्कर्ष त्याच्या गाभ्यात टिकला. पुढे जगभरातील अनेक प्रयोगशाळांत, निरनिराळ्या वयाच्या माणसांवर तो पुनःपुन्हा आढळला.

'पारितोषिक' या शब्दाविषयी

चेताशास्त्रात 'रिवॉर्ड' या शब्दाचा अर्थ फार व्यापक आणि फार कोरडा आहे. ज्यासाठी प्राणी श्रम करावयास तयार होतो ते रिवॉर्ड. रसाचा थेंब, नाणे, ओळखीचा चेहरा, गाण्याचा तुकडा, सारे त्यात येते. मराठीत आपण त्यास 'पारितोषिक' म्हणतो आणि लगेच व्यासपीठ, हार आणि प्रमाणपत्र डोळ्यांपुढे उभे राहते. 'बक्षीस' म्हटले तर देणारा वरचढ आणि घेणारा खालचा ठरतो. 'मोबदला' म्हटले तर सौदा होतो. टिळकांच्या 'गीतारहस्या'मुळे (१९१५) मराठी विचारविश्वात रुजलेला 'फलाशा' हा शब्द मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळ जातो. पण फलाशा ही सोडून देण्याची गोष्ट आहे हा नैतिक निवाडा त्या शब्दातच भरलेला आहे आणि अ‍ॅकम्बन्सला नीतीशी कर्तव्य नाही. निष्काम कर्माचा पुरावा मेंदूप्रतिमेत शोधणारे लेख अधूनमधून वाचनात येतात, त्यांचा घोटाळा येथेच होतो. यास्तव आम्ही 'फलाची अपेक्षा' असा साधा शब्दप्रयोग केला आहे.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. मराठीत 'वाट पाहणे' वेगळे, 'आस लागणे' वेगळे, 'उत्कंठा', 'ओढ', 'हाव', 'हुरहूर' ही सारी निराळी. मृगाच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी, निकालाच्या दिवसापर्यंत महिनाभर झोप न लागलेली विद्यार्थिनी, समेकडे निघालेल्या तानेबरोबर मान हलविणारा श्रोता, हे तिघेही फलाच्या अपेक्षेत आहेत. त्यांच्या अपेक्षांचा कालावधी, अनिश्चितता आणि पणाला लागलेली गोष्ट यांत मात्र कसलेही साम्य नाही. नुटसन यांच्या खेळातील अपेक्षा दोन-अडीच सेकंदांची आहे. रक्कम आधीच सांगितलेली आहे आणि यशाची शक्यता संशोधकाने बेतलेली आहे. हरल्याने कोणाचे काही बिघडत नाही. एफएमआरआयच्या संख्याशास्त्रास एकसारख्या घटना अनेक वेळा घडाव्या लागतात. महिनाभराची हुरहूर यंत्रात पुनःपुन्हा घडविता येत नाही, म्हणून ती अभ्यासातून वगळली गेली. हा दोष संशोधकांचा नव्हे. पण ज्याचा अभ्यास झालेला नाही त्याविषयीचे निष्कर्ष मात्र आपल्यापर्यंत पोहोचतात, हे लक्षात घ्यावयास हवे.

संगीताच्या श्रोत्यापर्यंत विज्ञान थोडेफार पोहोचले आहे. २०११ मध्ये माँट्रियल येथे व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने डोपामिनचा मागोवा घेतला. आवडत्या संगीतात अंगावर रोमांच उभे राहण्याच्या क्षणी अ‍ॅकम्बन्समध्ये, तर त्या क्षणाकडे वाटचाल चालू असताना कॉडेट या शेजारच्या भागात डोपामिन अधिक स्रवल्याचे त्यांस आढळले. येथे वाट पाहण्याची जागा कॉडेट आणि मिळण्याची जागा अ‍ॅकम्बन्स ठरली! नाण्याच्या खेळात अ‍ॅकम्बन्स वाट पाहण्याशी निगडित होते. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. तंत्र वेगळे, काळाची मापे वेगळी. परंतु 'अपेक्षेचे केंद्र अमुक' असे एका वाक्यात सांगण्याचा मोह आवरावा, एवढे तरी यावरून कळून येते.

हवे असणे आणि आवडणे यांतील भेदही येथे नोंदविणे अवश्य आहे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी डोपामिन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले असता त्यांच्या मुद्रेवर आवडीची चिन्हे पूर्ववत उमटली. मात्र असे उंदीर आपण होऊन अन्नाकडे जात नाहीत. आवड राहिली, ओढ गेली. व्यसनी माणसाची ओढ वाढत जाते आणि आनंद वाढत नाही, या नित्याच्या अनुभवास या भेदाने अर्थ दिला. मराठी लेखनात आजही 'डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन' असे छापले जाते तेव्हा १९५४ चा उंदीर अजून कळ दाबीत असल्यासारखे वाटते.

उलट दिशेचे अनुमान

आता तर्काच्या अंगाने पाहू. प्रयोगाने सिद्ध केले ते असे : पैशाची अपेक्षा असेल तर अ‍ॅकम्बन्स सक्रिय होते. व्यवहारात वापरले जाते ते असे : अ‍ॅकम्बन्स सक्रिय आहे, म्हणून या व्यक्तीस अमुक गोष्ट हवी आहे. पाऊस पडला की अंगण ओले होते, यावरून ओले अंगण पाहून पाऊस पडला असे म्हणता येत नाही. कोणी सडाही घातला असेल. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या चुकीस 'उलट अनुमान' असे नाव देऊन तिची रीतसर चिकित्सा केली. २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये विपणन सल्लागार मार्टिन लिंडस्ट्रॉम यांनी मेंदूतील इन्सुला या भागाच्या सक्रियतेवरून लोक आपल्या आयफोनवर अक्षरशः प्रेम करतात असा निष्कर्ष काढला. तेव्हा पोल्ड्रॅक यांच्यासह चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्र पाठविले. इन्सुला हा भाग असंख्य निरनिराळ्या प्रयोगांत सक्रिय आढळतो, वेदना आणि किळस यांतही, हा त्यांचा मुद्दा होता.

अ‍ॅकम्बन्सची स्थिती इन्सुलाहून बरी असली तरी निर्दोष नाही. नुटसन यांच्या पद्धतीने झालेल्या ५० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण स्टुअर्ट ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केले. त्यात लाभाच्या अपेक्षेप्रमाणेच हानीच्या अपेक्षेतही स्ट्रायटम, म्हणजे अ‍ॅकम्बन्स ज्याचा भाग आहे तो प्रदेश, सक्रिय असल्याचे दिसले. आठ व्यक्तींच्या मूळ निबंधातील 'लाभालाच, हानीला नाही' हा रेखीव भेद मोठ्या सामग्रीत तसा टिकला नाही. तेव्हा हा प्रदेश 'मिळणार' असे म्हणतो की 'काहीतरी महत्त्वाचे घडणार' असे म्हणतो, हा प्रश्न अजून वादाचा आहे. तो वाद मिटेपर्यंत अ‍ॅकम्बन्सला 'पारितोषिक केंद्र' म्हणणे म्हणजे निकालाआधीच निवाडा लिहिणे होय.

तंत्राविषयीच्या इतर आक्षेपांचा येथे केवळ उल्लेख करतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशास यंत्रात ठेवून त्याच्या मेंदूत 'सक्रियता' दाखविली. या प्रयोगाची टिंगल म्हणून फार प्रसिद्धी झाली. वस्तुतः हजारो कसोट्या एकाच वेळी लावताना आवश्यक ती संख्याशास्त्रीय दुरुस्ती केली नाही तर काय होते, एवढेच त्यांना दाखवावयाचे होते. दुरुस्ती केल्यावर मासा मेलेलाच राहिला. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला एक उपक्रम अधिक गंभीर आहे. लाभ-हानीच्या जुगारासंबंधीची १०८ व्यक्तींची एकच सामग्री ७० संशोधक संघांना देण्यात आली आणि तीच नऊ गृहीतके तपासावयास सांगितले. विश्लेषणाची पद्धत कोणत्याही दोन संघांची सारखी निघाली नाही आणि अनेक गृहीतकांबाबत निकालही भिन्न आले. अभ्यासकांचा प्रामाणिकपणा येथे शंकेचा विषय नव्हता.

सर्वांचा मेंदू आणि एकाचा मेंदू

आमच्या मते खरा कळीचा मुद्दा हा आहे. एखादा परिणाम जवळजवळ प्रत्येक व्यक्तीत दिसत असेल, तर तो गटाच्या सरासरीत ठळकपणे उमटतो. परंतु प्रत्येकात तो सारखाच दिसत असेल, तर त्याच्या आधारे व्यक्तिव्यक्तींत भेद करणे अवघड होते. ज्या प्रश्नास वर्गातील सर्व मुले बरोबर उत्तर देतात, तो प्रश्न विद्यार्थ्यांची गुणवत्ता ठरविण्यास निरुपयोगी असतो, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच न्याय मानसशास्त्रातील प्रसिद्ध कसोट्यांना लावून त्यास 'विश्वसनीयतेचा विरोधाभास' म्हटले.

मेंदूप्रतिमांकनात हा विरोधाभास किती खोल आहे, हे मॅक्सवेल एलियट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले. त्याच व्यक्तीची तीच कसोटी पुन्हा घेतली तर तोच निकाल कितपत येतो, हे त्यांनी ९० प्रयोगांच्या, १,००८ व्यक्तींच्या सामग्रीवरून तपासले. शून्य ते एक या मापावर विश्वसनीयतेचा गुणांक सरासरी ०.३९७ आला. मानसशास्त्रीय कसोट्यांच्या रूढ निकषानुसार ०.४ च्या खालील कसोटी 'निकृष्ट' समजली जाते. अमेरिकेतील एबीसीडी या प्रचंड प्रकल्पात ९ ते १० वर्षे वयाच्या ११ हजारांहून अधिक मुलांची निवड करण्यात आली आणि त्यांच्या तीन मेंदू-कसोट्यांपैकी एक नुटसन यांचाच खेळ होता. त्या सामग्रीवरील २०२२ च्या विश्लेषणात मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील विश्वसनीयतेचा सरासरी गुणांक ०.१ च्याही खाली निघाला. लहान मुले यंत्रात हालचाल करतात, हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

याचा व्यावहारिक अर्थ काय? अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता असलेल्या व्यक्तींच्या अपेक्षा-काळातील अ‍ॅकम्बन्सची सक्रियता इतरांपेक्षा कमी आढळते, असे २००७ पासूनचे अनेक अभ्यास सांगतात. मिखाएल प्लिख्टा आणि आनूक शेरेस यांच्या २०१४ च्या आढाव्यात दोन गटांतील हा फरक सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा येतो. संशोधनाच्या दृष्टीने हा फरक दखलपात्र आहे. परंतु अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक असलेले दोन प्रसामान्य वक्र काढून पाहावेत, त्यांचा सुमारे ८० टक्के भाग परस्परांवर येतो. एवढ्या आच्छादनातून समोर बसलेले मूल कोणत्या गटातील, हे प्रतिमेवरून सांगता येणार नाही. त्यात पुन्हा मापनच अस्थिर. अशा चाचणीच्या आधारे मुलाच्या मेंदूचे 'निदान' विकणारा कोणी पालकांना भेटला, तर त्यास हा आलेख दाखवावा.

बाजारपेठेतही असेच दिसते. नुटसन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात वस्तू पाहताना अ‍ॅकम्बन्स आणि भरमसाट किंमत पाहताना इन्सुला सक्रिय झाली. या संकेतांवरून व्यक्ती वस्तू घेईल की नाही याचा अंदाज सुमारे ६० टक्के वेळा बरोबर आला. नाणेफेकीत ५० टक्के येतो. त्याच व्यक्तींना वस्तू किती आवडली हे सरळ विचारले, तेव्हा त्या उत्तरांवरून अंदाज कितीतरी अधिक चांगला बांधता आला. मेंदूप्रतिमांकनाची थोरवी गाणाऱ्यांनी हा भाग सहसा सांगितलेला नाही.

मात्र येथे एक उलटा पुरावाही आहे आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. अलेक्झांडर गेनेव्स्की, कॅरोलिन यून आणि नुटसन यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारू पाहणारे प्रकल्प काही व्यक्तींना यंत्रात दाखविले. त्यांनी स्वतः केलेल्या निवडींवरून बाजारातील यशापयशाचा अंदाज बांधता आला नाही. त्यांच्या अ‍ॅकम्बन्सच्या सरासरी सक्रियतेवरून मात्र काही आठवड्यांनंतर कोणत्या प्रकल्पास निधी मिळाला याचा अंदाज आला. हा निष्कर्ष चकित करणारा आहे. त्याचा एक संभाव्य अर्थ असा की व्यक्तीची अंतिम निवड तिच्या खास परिस्थितीने, खिशातील पैशाने, संकोचाने ठरते; अपेक्षेचा प्रारंभिक झटका मात्र बराचसा सर्वसाधारण असतो आणि म्हणून समूहास लागू पडतो. म्हणजे या संकेताचे बळ तो एका माणसाविषयी काही सांगत नाही यातच असावे. असे असेल तर जाहिरातदारास तो उपयोगी पडेल. समुपदेशक, न्यायाधीश आणि शिक्षक यांस नव्हे.

वर्गातील डोपामिन

अध्यापकांच्या दृष्टीने अखेरचा मुद्दा. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की सदोष स्पष्टीकरणात मेंदूविषयी एखादे असंबद्ध वाक्य घातले तरी ते सामान्य वाचकांस, एवढेच नव्हे तर या विषयाचा प्रारंभिक अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसही, अधिक समाधानकारक वाटते. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. त्याच वर्षी मेंदूच्या चित्रानेही असाच मोह पडतो असा दावा झाला होता, परंतु २०१३ च्या मोठ्या पुनरावृत्तीत चित्राचा परिणाम नगण्य आढळला. मोह शब्दांचा आहे, रंगांचा नव्हे. उजळणी वर्गातील 'डोपामिन' हा शब्द हेच काम करतो. कौतुकाने मूल उत्साहित होते, हे सांगावयास चेताशास्त्राची गरज नव्हती.

बक्षिसांच्या बाजूने हे विज्ञान उभे राहते, असे मानण्याचेही कारण नाही. रोचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये आणि मार्क लेपर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर दाखविले होते की आपण होऊन आवडीने केल्या जाणाऱ्या कामास ठरवून बक्षीस लावले, तर बक्षीस थांबल्यावर आवड पूर्वीपेक्षाही घटते. २०१० मध्ये कोउ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी हीच घटना मेंदूप्रतिमांकनात पाहिली. एका घड्याळास नेमक्या पाच सेकंदांवर थांबविण्याचा खेळ एका गटास यशागणिक पैसे देऊन, तर दुसऱ्यास यशागणिक पैसे न देता खेळावयास दिला. पहिल्या सत्रात पैसे घेणाऱ्यांचे स्ट्रायटम अधिक सक्रिय होते. दुसऱ्या सत्रात पैसे कोणासच नव्हते. तेव्हा पूर्वी पैसे घेतलेल्यांच्या स्ट्रायटमची सक्रियता ओसरली. फावल्या वेळात यंत्राबाहेर ते हा खेळ इतरांपेक्षा कमी खेळले. व्यक्ती २८ होत्या. वर सांगितलेले आक्षेप या प्रयोगासही लागू आहेत, तो आमच्या मतास अनुकूल आहे म्हणून सवलत देता येणार नाही. परंतु वर्तनावरील जुन्या प्रयोगांचा आधार असल्यामुळे त्याचे वजन एकट्या प्रतिमेहून अधिक आहे. 'मेंदू उजळतो म्हणून बक्षीस द्या' असे सांगणाऱ्याने पहिले सत्र पाहिलेले असते, दुसरे नाही.

मथायस ग्रुबर, बर्नार्ड गेलमन आणि चरण रंगनाथ यांचा २०१४ मधील प्रयोग आपल्या कामाशी अधिक जवळचा आहे. त्यात पैसे नव्हते. सामान्य ज्ञानाचे प्रश्न होते. प्रश्न दाखविल्यानंतर उत्तर येण्याआधी सुमारे चौदा सेकंदांचा विराम असे. ज्या प्रश्नांविषयी व्यक्तीस अधिक कुतूहल होते, त्यांच्या वेळी मध्यमस्तिष्क आणि अ‍ॅकम्बन्स अधिक सक्रिय झाले. इतकेच नव्हे, तर त्या विरामात दाखविलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही नंतर अधिक लक्षात राहिले. विसाच्या आत व्यक्ती, कृत्रिम परिस्थिती, या मर्यादा येथेही आहेतच. मात्र हा दावा तपासण्यास यंत्र लागत नाही. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, एकीत प्रश्न विचारून उत्तरापूर्वी विराम, दुसरीत उत्तर लगेच आणि आठवड्याने दोन्ही तुकड्यांची न सांगता घेतलेली छोटी परीक्षा, एवढ्यावर तो कोणत्याही महाविद्यालयात पारखून पाहता येईल. तुकड्यांची अदलाबदल करून तो एका सत्रात दोनदाही करता येईल.